आठ पायांचा बेंच

भैरूअण्णांना मी पहिल्यांदा पाहिलं, त्याआधी तीन दिवस ते मला ऐकत होते.

बेंगळूरच्या मल्लेश्वरममधल्या आमच्या भाड्याच्या घरामागे एक लांबट पडवी आहे. तिच्या एका टोकाला कपडे धुवायचा दगड, दुसऱ्या टोकाला माझी स्कूटर, आणि त्या जानेवारीत मधोमध मी, हातात करवत घेऊन. सत्तेचाळिसाव्या वर्षी माणसाला काहीतरी होतंच. माझ्या ऑफिसात कोणाला थायरॉइड झाला होता, कोणाला मॅरेथॉन. मला सुतारकाम झालं.

व्हिडिओतले सगळे दाढीवाले सुतार एकमुखाने सांगत होते की आधी बेंच करा. हा बेंच म्हणजे शाळेतला बाक नव्हे. कमरेच्या जरा खाली येईल इतकं उंच आणि म्हशीइतकं जड टेबल, ज्यावर लाकूड घट्ट अडकवून उभ्याने रंधा मारता येतो. मी चिकपेटेच्या बाजारात जाऊन करवत, रंधा आणि दोन पटाश्या आणल्या. नवऱ्याने विचारलं, किती दिवस चालणार हे. मी म्हणाले, तीन शनिवार-रविवार. तो हसला नाही, कारण आमच्या लग्नाला बावीस वर्षं झाली होती.

तिसऱ्या दिवशी मागच्या फाटकातून आवाज आला.

"अक्का, त्या लाकडानं तुमचं काय वाईट केलंय?"

फाटकापाशी पंच्याहत्तरीचा एक माणूस उभा होता. उंची माझ्या खांद्याइतकी, पांढरी लुंगी, खाकी शर्ट, कानामागे पेन्सिल, हातात काठी. मी नागपूरची, आमच्या घरात सगळेच ताडमाड. पण हा माणूस माझ्याकडे खालून बघतानाही वरून बघितल्यासारखा बघत होता.

"तीन दिवस झाले ऐकायलोय," ते म्हणाले. "परवा ते नुसतं रडायचं. आज बोंबलायलंय. करवतीला धार न्हाई आणि तुम्हाला दया न्हाई."

असे ते आत आले आणि पुढचे आठ महिने आतच राहिले.

भैरूअण्णा खानापूरकडचे. विशीत बेंगळूरला आले आणि जन्मभर सुतारकाम केलं. घरात मराठी, बाहेर कन्नड, आणि माझ्याशी जे पहिलं तोंडात येईल ते. ते मला अक्का म्हणायचे आणि मी त्यांना अण्णा, म्हणजे मी त्यांची मोठी बहीण आणि ते माझे मोठे भाऊ. आमचं नातं पहिल्या दिवसापासूनच गणितात बसत नव्हतं.

त्यांच्या डाव्या हातावर मनगटापासून कोपरापर्यंत एक केस नव्हता. मला वाटलं, काही त्वचेचं असेल. नंतर कळलं की पटाशीला धार लागली की नाही हे ते तिथे बघत. धार लागली की एक पट्टा साफ. उजव्या हातावर जंगल होतं. डावखुऱ्या सुताराचं उलटं, त्याची शेती उजव्या हातावर, असं ते म्हणायचे.

दुसरी खोड चालतानाची. मल्लेश्वरमच्या कुठल्याही क्रॉसवर, म्हणजे आडव्या रस्त्यावर, त्यांच्यासोबत निघालं की दर चार घरांनी ते काठी उचलायचे. "हा दरवाजा माझा." पुढे, "ही खिडकी माझी." एकदा त्यांनी एका नव्या काचेच्या इमारतीकडेही काठी उचलली. मी म्हणाले, अण्णा, ह्यात लाकूडच नाही. ते म्हणाले, "आधी होतं. त्यातला दरवाजा माझा."

आता गुडघ्यांकडे येते, कारण सगळं त्यांच्यावरच अडलेलं होतं.

अण्णांनी आयुष्यभर जमिनीवर बसून काम केलं. त्यांच्या पिढीच्या सुताराला टेबल लागतच नाही. एक पाय दुमडायचा, दुसरा पसरायचा आणि पायाच्या अंगठ्याने लाकूड असं धरायचं की मुंगीलाही ते हलवता येऊ नये. अण्णांचा डावा अंगठा बाकीच्या पायापासून फटकून, हट्टी मुलासारखा वेगळा उभा असायचा. "हा माझा शिकंजा," ते त्याची ओळख करून द्यायचे. पण दोन वर्षांपूर्वी गुडघ्यांच्या वाट्या झिजल्या आणि डॉक्टरांनी जमिनीवर बसणं कायमचं बंद केलं. जमिनीवर बसणाऱ्या सुताराची जमीनच गेली. हत्यारांची पेटी खाटेखाली गेली. अण्णा काठी घेऊन गल्लीतले आवाज ऐकत फिरू लागले.

हे मला त्यांनी सांगितलं नाही. दुसऱ्याच रविवारी त्यांची मुलगी लता त्यांना शोधत आमच्या पडवीत आली, तेव्हा कळलं. लता देवनहळ्ळीला शाळेत शिकवते. तिथेच एका नव्या लेआउटमध्ये तिने घर बांधलंय.

"अप्पा, खोली तयार आहे," ती म्हणाली. "खालचीच आहे, जिना नाही. अजून किती दिवस एकटे राहणार? ती पेटी देऊन टाका आणि चला."

"पेटी कशाला देऊ?"

"खाली बसता येत नाही तुम्हाला. मग हत्यारं घेऊन करणार काय?"

"गुडघे रिटायर झालेत. मी न्हाई."

"अप्पा."

"येतो की. ह्या अक्कांचं टेबल तेवढं होऊ दे. शब्द दिलाय त्यांना."

मला त्यांनी कसलाही शब्द दिलेला नव्हता. लता माझ्याकडे वळली. "किती दिवस लागतील हो?"

तीन शनिवार-रविवार म्हणायला मी तोंड उघडलं, तोच अण्णांच्या काठीचं टोक माझ्या पावलावर येऊन टेकलं. आणि दाबलं गेलं.

"वेळ लागेल," मी म्हणाले.

"ठीक आहे," लता म्हणाली. "ज्या रविवारी टेबल होईल त्या रविवारी मी टेम्पो आणते. पेटी भंगारवाल्याला आणि अप्पा माझ्या घरी. तुम्ही साक्षीला आहात."

ती गेल्यावर मी भोळेपणाने म्हणाले, "अण्णा, पण बेंचवर तर उभ्यानेच काम करतात. तुम्हीही करू शकाल की. मग पेटी कशाला जायला हवी?"

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्यांना बांगड्या भरायला सुचवलंय.

"उभ्यानं काम करायला मी काय इस्त्रीवाला हाय?"

विषय संपला.

लाकूड घ्यायला आम्ही जुन्या लाकडाच्या वखारीत गेलो. पाडलेल्या घरांच्या चौकटी, दरवाजे, तुळया तिथे रचून ठेवलेल्या असतात. अण्णांची तिथली चाल म्हणजे मुलगी बघायला आलेल्या सासऱ्याची. प्रत्येक लाकडावर बोटाच्या पेराने टकटक करायची, कान लावायचा, वास घ्यायचा, आणि फारच मनात भरलं तर जिभेचं टोक. मी इकडेतिकडे बघत मी यांच्यासोबत नाही असं दाखवायचा प्रयत्न केला.

एका चौकटीपाशी ते थांबले. "ही माझी."

वखारवाला अण्णांना ओळखत असावा. कन्नडमध्ये म्हणाला की इथली सगळी माझीच म्हणता तुम्ही, खूण काय?

"भिंतीकडच्या अंगाला मिशी असती," अण्णा म्हणाले. "माझ्या प्रत्येक कामावर. जिथं कुणाला दिसत न्हाई तिथं मी पेन्सिलीनं मिशी काढतो."

"नाव का नाही लिहीत?" मी विचारलं.

"नाव वाचायला शिकलेलं माणूस लागतंय. मिशी कुणालाबी कळती."

दोन हमालांनी ती भली थोरली चौकट उलटी केली. आम्ही पाचही जण तिच्यावर वाकलो. मिशी सोडा, एक केसही नव्हता.

अण्णांनी हनुवटी खाजवली. मग चौकटीच्या कोपऱ्यावर बोट ठेवलं. "तरीच," म्हणाले. "बघा सांधा कसा ढिला हाय."

बेंचच्या पायांसाठी त्यांनी जाडजूड तुकडे निवडले. मी मोजले. आठ.

"अण्णा, बेंचला पाय चार असतात."

"लाकूड हाय अक्का, फुटतंय. चार लागत असले तर आठ घ्यावेत."

वरच्या फळ्यांचंही तेच. मला वाटलं, म्हातारा माणूस आहे, सावध असेल. भैरूअण्णा आयुष्यात सावध कधीच नव्हते, हे मला अजून कळायचं होतं.

काम सुरू झालं आणि पहिल्याच दिवशी एक पेच आला. बेंच करायला लाकूड घट्ट धरायला हवं, आणि लाकूड घट्ट धरायला बेंच हवा. व्हिडिओवाल्यांनी हे सांगितलंच नव्हतं. अण्णांना मात्र ह्या पेचाचा इतका आनंद झाला की त्यांनी प्लास्टिकची खुर्ची मागवली, तीत ऐसपैस बसले आणि काठीने जमिनीकडे दाखवलं.

"बसा."

अशा रीतीने, उभ्याने काम करता यावं म्हणून मी आठ महिने जमिनीवर बसले. समोर खुर्चीत अण्णा, सर्कशीतल्या रिंगमास्तरसारखे. माझा अंगठा लाकडावरून सुटला की काठी हलकेच अंगठ्यावर. "पाय म्हणू नका त्याला. शिकंजा म्हणा. मग धरतंय." ऑफिसच्या मीटिंगमध्ये कॅमेऱ्यात मी फॉर्मल शर्टात बसायचे आणि टेबलाखाली अंगठ्याने पेन्सिल धरायचा सराव करायचे. मार्चअखेरपर्यंत मला पायाने वर्तमानपत्राचं पान उलटता येऊ लागलं. नवरा त्याही वेळी हसला नाही, फक्त पेपर दुसऱ्या खोलीत नेऊन वाचू लागला.

टेपला अण्णांची बंदी होती. "दोन टेप आणा, दोन्ही वेगळं सांगतील. पट्टी एकच हाय, ती काय खोटं बोलणार?" पट्टी म्हणजे त्यांच्या उंचीची एक पातळ लाकडी फळी. बेंचची सगळी मापं तिच्यावर पेन्सिलीच्या रेघांनी खुणावलेली. बेंचची उंचीही तिच्यावरच घेतली. मला हात सोडून सरळ उभं केलं, पट्टी शेजारी धरली आणि माझ्या मनगटापाशी रेघ मारली. "मनगटाला टेबल लागलं पाहिजे. वर झालं तर खांदा जातो, खाली झालं तर कंबर."

आणखी एक धडा त्यांनी त्याच आठवड्यात दिला. "लाकूड रुंदीत आटतंय. लांबीत कधीच न्हाई. लांबी म्हंजे लाकडाचा हट्ट, सोडत न्हाई ते." हा धडा लक्षात ठेवा. मी ठेवला होता.

दर रविवारी लता यायची. "झालं का टेबल?"

"स्वल्प बाकी हाय," अण्णा म्हणायचे.

त्यांचं 'स्वल्प', म्हणजे कन्नडातलं थोडंसं, कसलंही असायचं. एकदा दोन आठवडे एका पटाशीला धार लागत होती. एकदा हवा दमट होती म्हणून काम बंद, मग हवा फार कोरडी झाली म्हणून बंद. मी एका लाकडात चौकोनी भोक पाडायचं आणि दुसऱ्याच्या टोकाला त्यात बसणारी जीभ काढायची, आणि ती बसली की अण्णा डोळा बारीक करून म्हणायचे, "बसलीय. पण सुखानं न्हाई बसली. परत करा." सुरुवातीला मी चिडायचे. मग कधीतरी माझ्या लक्षात आलं की रविवारी फाटक वाजलं की मीच घाईघाईने एखादा सांधा सुटा करून ठेवते आहे.

पण सप्टेंबरात करण्यासारखं काही उरलंच नाही. पाय कापले, अण्णांनी पट्टीवरून पेन्सिलीने रेघ मारून दिली, मी त्या रेघेवर करवत चालवली. सांगाडा उलटा ठेवून जोडला, पाय आकाशाकडे. जड बेंच असाच करतात. चारच पाय लागले, एकही फुटला नाही. शनिवारी सकाळी शेजारच्या अपार्टमेंटचा वॉचमन आणि दोन कुरियरवाले यांनी मिळून तो सुलटा केला.

मी पुढे झाले, बेंचवर हात ठेवला, आणि वाकले. अजून वाकले. मनगट कुठेच टेकेना. बेंच माझ्या मांडीपाशी संपत होता.

"अण्णा, हा बुटका झालाय."

"न्हाई. तुम्ही वाढलाय."

"सत्तेचाळिसाव्या वर्षी?"

"मग लाकूड आटलं असंल."

"लाकूड लांबीत आटत नाही. तुम्हीच सांगितलंय."

अण्णांनी आभाळाकडे पाहिलं. "बेंगळूरची हवा," म्हणाले. "पूर्वीची राहिली न्हाई. आता काय सांगता येत न्हाई."

मी पट्टी उचलली. तिच्यावर उंचीच्या दोन रेघा होत्या. वरची माझी. खालची चार बोटं खाली, तितकीच ठळक. मी मान वर केली तेव्हा अण्णा खुर्चीतून उठून बेंचशेजारी उभे होते, हात सैल सोडून. त्यांचं मनगट बेंचच्या पृष्ठभागाला बरोब्बर टेकलं होतं. मी बघतेय हे दिसताच त्यांनी हात उचलून शर्टाच्या खिशात घातला.

एक चहा होईपर्यंत मी रागावले. माझं लाकूड, माझे आठ महिने, माझा अंगठा. मग चहा प्यायले. पन्नास वर्षं जमिनीवर बसून ज्याने उभ्याने काम करणाऱ्याची टर उडवली, तो माणूस तोंडाने कसा म्हणणार, की मला एक टेबल हवंय. इस्त्रीवाल्याने काय म्हटलं असतं.

दुसऱ्या दिवशी रविवार. लता आली, टेम्पो दाराशी उभा करूनच आली, कारण वॉचमनने तिला फोन करून बातमी दिली होती. अण्णांनी 'स्वल्प' म्हणायला तोंड उघडलं, पण मी आधी सुरुवात केली.

"लता, हा बेंच घेऊन जा बाई. माझी कंबर गेली. माझी स्कूटर निघत नाही. आठ महिने घालवले आणि हा झाला कोणाच्या मापाचा, देवाला ठाऊक."

"माझ्याकडे? मी काय करू याचं?"

"काहीही कर. नाहीतर मी तोडून जाळून टाकते."

"सागवान हाय ते," अण्णा कळवळून म्हणाले.

लताने बेंचकडे पाहिलं, मग वडिलांकडे, मग बेंचजवळून पुन्हा खिशात गेलेल्या त्यांच्या हाताकडे. वर्गात कोण कोणाची वही बघून लिहितंय हे लांबून ओळखायची सवय असते तिला.

"अप्पा, ह्याच्यावर उभं राहून काम करावं लागतं."

"मी कशाला करू? अक्का टाकायल्यात म्हणून न्यायचं. वस्तू वाया जाऊ ने."

"बरं. मग पेटी देते भंगारात. ठरलंय आपलं."

अण्णांनी काठीच्या टोकाने भुशात एक रेघ ओढली. लता वाट बघत राहिली. मीही. टेम्पोवाल्याने हॉर्न वाजवला तरी कोणी हललं नाही.

"टेबलाखाली," अण्णा शेवटी जमिनीकडे बघत म्हणाले, "स्वल्प जागा हाय. पेटी बसंल तिथं."

"आणि बसवून काय करणार?"

"तुझ्या स्वयंपाकघराचा दरवाजा घासतोय. मागच्या खेपेला ऐकलाय मी. बघतो एकदा. उभ्यानं."

"सरी, चालेल," लता म्हणाली. "डॉक्टरांनी खाली बसू नका म्हटलंय. उभं राहू नका असं कुठे म्हटलंय?" आणि तोंड फिरवून बेंचचं एक टोक उचलायला गेली.

निघताना अण्णा टेम्पोत पुढे बसले, मांडीवर पेटी. पट्टी मात्र खिडकीतून माझ्या हातात दिली.

"ठेवा. लागंल."

"आता कशाला? बेंच तर गेला."

"स्वल्प बाकी हाय," म्हणाले, आणि टेम्पो गेला.

पुढच्या शनिवारी मी पडवी झाडायला घेतली. कपडे धुवायच्या दगडामागे राहिलेलं लाकूड नीट रचून ठेवलेलं होतं. वरच्या फळ्या पुरेशा, आडव्या पट्ट्या पुरेशा, आणि चार पाय. वखारीतून आणलेल्या आठांतले चार. हातात पट्टी, पट्टीवर माझ्या मनगटाची रेघ. माणसाने पहिल्या दिवशीच दोन बेंचचं लाकूड घेतलं होतं. त्यांच्या बेंचवर मला शिकवलं आणि माझा माझ्यावर सोपवला.

मी एक पाय उचलून उलटा केला. जे अंग आत जाणार, जे कोणाला दिसणार नाही, तिथे पेन्सिलीने काढलेली छोटीशी मिशी होती. चारही पायांवर होती. माझी करवत लागायच्या आधीच त्यांनी माझा बेंच आपल्या नावावर करून टाकला होता. मी पुसायला गेले आणि पुसली नाही.

तो बेंच तीन शनिवार-रविवारांत झाला.

हे त्यांना सांगायला मी डिसेंबरात देवनहळ्ळीला गेले. फाटकापाशी पोचले आणि आतून रंध्याचा आवाज आला, लांब, सलग, रेशीम फाडल्यासारखा. मी हाक मारली नाही. चोरून ऐकायचे माझे तीन दिवस त्यांच्याकडे बाकी होते.

लताची गाडी बाहेर उन्हात उभी होती. पोर्चमध्ये बेंच. त्याच्या एका टोकाला चादर अंथरून लता साडीला इस्त्री करत होती, आणि दुसऱ्या टोकाला, पाठमोरे, अण्णा रंधा मारत होते. ताठ उभे. पायाशी कुरळ्या छिलक्यांचा ढीग. डाव्या पायातली चप्पल बाजूला पडली होती, आणि अंगठ्याने त्यांनी बेंचचा पाय घट्ट धरून ठेवला होता, बेंच कुठे पळून जाऊ नये म्हणून.